आजारी बैलाचा साधा फोटो

गुरांच्या डॉक्टरकीत माझा उजवा हात किती गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत जाऊन आला, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. लाथा खाल्ल्या, शिंगं चुकवली. एका म्हशीनं तर मला सरकारी जीपच्या टपावर चढवलं आणि स्वतः खाली उभी राहून माझी वाट बघत बसली. यातल्या कशाचीही मला फार भीती वाटली नाही. मला खरी धडकी भरली ती अंगठ्याएवढ्या एका काळ्या बटणाची. ते दाबलं की पडद्यावरचं चित्र पुढं सरकतं आणि खाली बसलेले लोक तुमच्याकडं बघायला लागतात.

औरादच्या सरकारी दवाखान्यात मी नोकरीची शेवटची बरीच वर्षं काढली. औराद कर्नाटकात आहे, पण आठवडी बाजारात बैलाचे दात मराठीत मोजतात, भाव कन्नडमध्ये पाडतात आणि भांडण दखनीत करतात. मी जवळच्याच एका खेड्यातली. वडील शेतमजूर, घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मुलीनं डॉक्टर व्हावं ही आईची इच्छा. मी डॉक्टर झाले. कसली, ते आईला जरा उशिरा कळलं. मग म्हणाली, "बरं झालं. बोलणारे पेशंट लई डोस्कं खातेत." बिचारीला जनावरांच्या मालकांची कल्पना नव्हती.

हे मालक मला अक्का म्हणत. आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणजे फी न विचारण्याची सोय आपोआप झाली.

आता थोडं धंद्याचं. आमच्या भागातला बैल म्हणजे देवणी. धिप्पाड, देखणा, वळणदार शिंगांचा. या शिंगाला कॅन्सर होतो. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, कारण शिंग म्हणजे मोठं नखच असं सगळ्यांना वाटतं. पण शिंगाच्या आत जिवंत गाभा असतो, त्यात रक्त असतं, नस असते. रोग तिथं सुरू होतो. सुरुवातीला बैल मान झटकतो, खुंट्याला शिंग घासतो, दुखऱ्या बाजूला डोकं जरासं कलतं धरतो. तेव्हा आणला तर भूल देऊन शिंग बुडापासून काढून टाकायचं. बैल पुढं एका शिंगावर मजेत औत ओढतो. उशीर झाला की शिंग लुळं पडतं, नाकपुडीतून रक्त येतं, अळ्या पडतात, आणि डॉक्टरच्या हातात मालकाची समजूत काढण्यापलीकडं काही उरत नाही. अशा समजुती मी फार काढल्या. कोरडं तोंड घेऊन परत जाणारी ती माणसं आठवली की आजही वाईट वाटतं.

उशीर होतो कारण आमच्या माणसाला बैलाचं शिंग उघडं ठेवणं आवडत नाही. बैल म्हणजे घरची अब्रू. शिंगाला ऑइलपेंट, टोकाला पितळी शेंब्या, वर रिबिनी. आतलं शिंग सडत आलं तरी बाहेरून मिरवणुकीला निघाल्यासारखं दिसतं.

म्हणून माझी एकच मागणी होती. सीमेवरच्या गावांत दर वर्षी शिंग तपासणीचं शिबिर व्हावं, कायमचं. खात्याकडून उत्तर यायचं, शास्त्रीय पुरावा मांडा. शेवटी आमच्या जिल्ह्याच्या साहेबांनीच फोन केला. "दिवाळीनंतर कलबुर्गीला परिषद आहे. संचालक पहिल्या रांगेत असतात. सात मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं प्रश्न. त्यांना पटलं तर शिबिर मिळेल. नाही पटलं तर अक्का, तुम्ही तर हिवाळ्यात रिटायर होताय."

तेच तर दुखणं होतं. माझ्यानंतर कोण येईल, त्याला शिंगांत रस असेल की फक्त कोंबड्यांच्या लसीत, कुणास ठाऊक. जे करायचं ते या सात मिनिटांतच करायचं होतं.

सात मिनिटांच्या भाषणाला चित्रं लागतात. आमच्या शास्त्रात चित्रांची जोडी असते, उपचाराआधी आणि उपचारानंतर. आधीच्यात रोग दिसला पाहिजे, नंतरच्यात तो गेलेला दिसला पाहिजे. इतकं सोपं. आमचे कंपाउंडर रज्जाकभाई यांच्या फोनचा कॅमेरा चांगला, म्हणून फोटोंचं खातं त्यांच्याकडं दिलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हात टेकले. "मॅडम, सजाए बगैर फोटो नै निकालने देते लोगां."

मला वाटलं, रज्जाकभाईंना विचारता येत नसेल. तेवढ्यात ठाणाकुशनूरचे माणिकअप्पा आले. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत, आणि गावात कुणाच्याही जोडीपेक्षा आपली जोडी देखणी आहे हे मनापासून माहीत असलेला माणूस. त्यांच्या जोडीतल्या वानऱ्या नावाच्या बैलाचं डावं शिंग दुखत होतं. लवकर आणलेला, तपासायला सोपा, फोटोला सोन्यासारखा रोगी. मी रज्जाकभाईंना हाक मारली.

"आजारी जनावराचा फोटू कामून काढायलाव अक्का?" माणिकअप्पा आडवे आले. "दृष्ट लागंल की."

"अप्पा, आजारी हाय मनूनच काढायचाय. मोठ्या डाक्टर लोकांना दाखवायचाय."

"मंग तर न्हाईच! डाक्टर लोकांसमोर माझा बैल असा जाणार? तुमच्या पोरीला बघायला पावणे आले तर तिला असंच बसिवता का, इस्कटल्या केसानं?"

मला मुलगी नाही, पण मुद्दा कळला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. सकाळी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. त्यातून वानऱ्या उतरला. शिंगं हिरवीगार रंगवलेली, शेंब्या चकाकत होत्या, अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर मथाटी म्हणजे सुतानं गुंफलेली पट्टी, आणि तिच्या मधोमध लोंबणारा लाल गोंडा. त्याच्यामागून तसाच सजलेला शेवऱ्या उतरला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"ह्याला कशाला आणलं?"

"जोडी हाय अक्का. एकट्याचा फोटू काढत नसतेत. जोडी फुटती."

दोन्ही बैलांच्या मधे स्वतः माणिकअप्पा फेटा बांधून उभे राहिले आणि श्वास रोखून कॅमेऱ्याकडं बघत राहिले. हा माझा 'उपचाराआधी'चा फोटो. त्यानंतर ती सगळी आरास उतरवायला जितका वेळ लागला तितक्या वेळात मी एक शिंग काढलं असतं. ऑपरेशन मात्र छान झालं. बैलाला गुंगी दिली, डोळ्यामागच्या नसेत भूल दिली, तारेच्या करवतीनं शिंग बुडापासून कापलं, कातडी ओढून टाके घातले. माणिकअप्पा पूर्ण वेळ बैलाच्या कानात काहीतरी बोलत होते आणि माझ्याकडं पाठ करून रडत होते.

जखम भरली. पोळ्याच्या दिवशी 'उपचारानंतर'चा फोटो काढायला आम्ही दोघं ठाणाकुशनूरला गेलो. वानऱ्या सजून उभा होता, शेजारी शेवऱ्या. मी बघतच राहिले. वानऱ्याला दोन शिंगं होती.

"अप्पा, हे काय?"

"सुताराकडनं करून घेतलं. सागवानी हाय." डाव्या बाजूचं लाकडी शिंग मथाटीला इतकं बेमालूम बांधलेलं, रंगवलेलं, की शेजारचे लोक मला विचारत होते, अक्का, शिंग परत उगवतंय का. मी ते काढायला सांगितलं. अप्पा म्हणाले, "सणाच्या दिवशी?" विषय संपला.

म्हणजे आधीच्या फोटोत निरोगी दिसणारा बैल आणि नंतरच्या फोटोतही तोच निरोगी दिसणारा बैल. मधे मी काय केलं, याचा पुरावा शून्य. बाकीच्या मालकांनी काढू दिलेले फोटोही याच जातीचे. सगळे सजलेले, सगळे जोडीनं. एकानं तर बैलांच्या पुढ्यात स्वतःची नवी मोटारसायकल लावलेली.

स्लाइड बनवायचं काम मी औरादच्या एका फ्लेक्सवाल्याला दिलं, कारण गावात कॉम्प्युटरवर चित्रं जोडणारा तोच. त्यानं मन लावून काम केलं. पहिल्या स्लाइडवर मधोमध माझा फोटो, मागं सोनेरी किरणं, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून गोलात गॉगल घातलेले रज्जाकभाई. "बैल कुठाय?" मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, वाढदिवस तुमचा हाय का बैलाचा?" परिषद म्हणजे काय हे मी त्याला समजावलं. पाकळ्या काढायला तो तयार झाला, पण प्रत्येक बैल उजवीकडून गिरक्या घेत आत येईल ही व्यवस्था त्यानं आपल्या हौसेनं ठेवली होती. ती काढताना त्याचा चेहरा पडला.

मग तालीम. दवाखान्याच्या भिंतीवर पांढरी चादर, समोर शेळ्या घेऊन बसलेले लोक, घड्याळ रज्जाकभाईंकडं. पहिल्या वेळी सात मिनिटं संपली तेव्हा मी अजून आभारातच होते. आमच्याकडं भाषण म्हणजे निम्मं नावं घेणं. व्यासपीठावरचे, समोरचे, येऊ न शकलेले, सगळ्यांना मान दिल्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे उद्धटपणा. पण सात मिनिटांत मान आणि बैल दोन्ही बसत नाहीत. मी सगळी नावं काढून नुसता 'नमस्कार' ठेवला. मग एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवली. वाक्यं काढून शब्द ठेवले. जे सांगायला सगळ्यात आवडत होतं तेही काढलं, म्हशीनं टपावर चढवल्याची गोष्टसुद्धा. कापताना जीव कळवळतो, पण शिंगाचा नियम इथंही लागू पडतो. अर्धवट कापून उपयोग नाही.

एका तालमीला माणिकअप्पा आले. चादरीवर स्वतःला बघून खूश झाले. मग पुढं सरकून फोटोखाली शोधायला लागले.

"माझं नाव कुठाय?"

"मालकाचं नाव टाकायचं न्हाई अप्पा. परिषदेचा नियम हाय."

"म्हंजी बैल माझा, आजार माझ्या बैलाचा, आन् नाव तुमचं?"

मी पुढची स्लाइड लावली. शेळीवाल्यांनी मात्र अप्पांच्या बाजूनं माना डोलावल्या. अप्पा चहा न घेता गेले.

कलबुर्गीच्या सभागृहात थंड हवा इतकी सोडलेली की माझे दात वाजत होते. निदान मी तसं स्वतःला सांगत होते. अध्यक्ष होत्या एक वयस्क प्राध्यापिका, बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पुढ्यात पितळी घंटा. माझ्याआधीच्या गृहस्थांनी मुंगीएवढ्या अक्षरातले तक्ते लावले आणि सगळे वाचून दाखवायला घेतले. घंटा वाजली. ते वाचत राहिले. मग बाईंनी घंटा हातात धरली आणि ते खाली बसेपर्यंत वाजवत ठेवली.

माझं नाव आलं. मी बटण दाबलं, स्लाइड दोन घरं पुढं गेली. मागं आणली, ती पार पहिलीवर. शेवटी एकदाची सुरुवात झाली. शिंगाचा आजार काय, लक्षणं काय, इथवर बरं गेलं. मग मी म्हणाले, "हा रोगी बैल." पडद्यावर झूल, घुंगरमाळ आणि फेटेवाले माणिकअप्पा आले.

मागून कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, रोगी कोण? ते मधले मालक का?"

सभागृह हसलं. मी पुढचे फोटो घाईघाईनं सरकवले. प्रत्येकाला हशा. मोटारसायकलला टाळ्या पडल्या. शेवटी 'उपचारानंतर'. "आणि शिंग कुठलं काढलंत?" दुसरा आवाज. मला सांगावंच लागलं की डावं शिंग सागवानी आहे. संचालक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची लाज होतीच, पण राग जास्त आला. ज्या बैलाच्या कानाशी एक माणूस रडला होता, त्याच्यावर हे सगळे हसत होते, आणि हसण्याची सोय मीच करून दिली होती. शिबिर गेलं, हे मला कळून चुकलं. अध्यक्षबाईंनी घंटा उचलली. मी डोळे मिटले.

घंटा वाजली नाही.

"तो पहिला फोटो परत दाखवा," बाई म्हणाल्या. मी दाखवला. "त्या बैलाच्या कपाळावरचा गोंडा डोळ्यावर का आलाय?"

मी बघितलं. महिनोन्‌महिने तो फोटो मी बघत होते, पण आरास म्हटल्यावर तिकडं डोळे जातच नव्हते. शेवऱ्याचा गोंडा दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधे, नाकाच्या रेषेत. वानऱ्याचा डाव्या डोळ्यावर.

"मॅडम, तो... डोकं कलतं धरतोय. गोंडा गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबतो. डोकं डावीकडं कललं, म्हणून तो डाव्या डोळ्यावर आला."

"आणि दुखणारं शिंग?"

"डावंच."

"एका फोटोवर मी विश्वास ठेवत नाही. बैल मान हलवणारच. पुढचा."

पुढच्यात एका बैलाचा गोंडा उजव्या डोळ्यावर होता, जोडीदाराचा मधे. दुखणारं शिंग उजवं. त्याच्या पुढच्यात डावं. सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. मोटारसायकलवाल्या फोटोत मात्र दोन्ही गोंडे सरळ. "हा?" बाईंनी विचारलं. "इथं मालकानं वेसण आवळून मान सरळ धरलीय," मी खरं ते सांगितलं. शेवटी सागवानी शिंगाचा फोटो आला. ज्याच्यावर सगळ्यात जास्त हसले होते, त्या वानऱ्याचा गोंडा आता शेवऱ्यासारखाच बरोबर मधोमध होता.

"हा पुरावा म्हणायला घाई होईल," बाई म्हणाल्या. "मोजमाप करायला हवं. पण शेजारी निरोगी जोडीदार उभा करून काढलेले फोटो मी तरी प्रयोगशाळेतून आलेले पाहिले नाहीत. ही जोडी उभी करण्याची कल्पना कुणाची?"

"मालकाची," मी म्हणाले.

संचालकांनी मोबाइल खाली ठेवला होता. "शिबिर कधी घ्यायचं म्हणता?"

याचं उत्तर मला आयत्या वेळी सुचलं, पण आयुष्यभर डोळ्यांसमोर होतं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी साहेब. खांदेमळणीला. त्या दिवशी गावातला प्रत्येक बैल ओढ्यावर धुतात, जुना रंग खरवडतात. वर्षात तेवढा एकच दिवस शिंग उघडं असतं. आणि गोंडे घरात तयारच असतात."

"आमच्याकडं कारहुणवीला रंगवतात," ते म्हणाले. तो कन्नड गावांचा बैलांचा सण. "मग दोन्ही वेळेला घेऊ. दर वर्षी." आणि ते आपल्या गावच्या बैलांविषयी बोलायला लागले. तेव्हा मात्र घंटा वाजली. बाईंनी संचालकांनाही वेळ दिला नाही.

परतताना मी माणिकअप्पांना फोन केला. "अप्पा, शिबिर मिळालं."

"ते ऱ्हाऊ द्या. माझी जोडी आवडली का?"

"लई आवडली. मालक कोण, हे तर पयल्याच फोटोला इचारलं."

"इचारलं?" अप्पांनी परत खात्री करून घेतली. "मंग बरं हाय."

मी रिटायर झाले. पुढच्या खांदेमळणीला ठाणाकुशनूरच्या ओढ्यावर पहिलं शिबिर झालं. नवे डॉक्टर कलबुर्गीकडचे, मराठी जपून बोलणारे, पण हात चांगला. मला पाहुणी म्हणून लिंबाखाली खुर्ची दिली होती. ओढ्यात बैलच बैल, पाणी लाल-हिरवं झालेलं. प्रत्येक ओल्या बैलाच्या कपाळावर रज्जाकभाई सुतळीनं गोंडा बांधत होते आणि वाट बघत होते. आमच्या लोकांना हा खेळ फार आवडला. लोक एकमेकांच्या बैलांचे गोंडे बघत फिरत होते आणि शेवटी स्वतःच्या म्हाताऱ्याच्या कपाळालाही एकानं बांधून बघितला.

माणिकअप्पा उशिरा आले. वानऱ्या एका शिंगाचा, ठणठणीत. पण अप्पा त्याच्याकडं बघत नव्हते. शेवऱ्याचा कासरा घट्ट धरून माझ्या खुर्चीपाशी थांबले. गोंडा घरूनच बांधून आणला होता.

"अक्का, ह्याचं बगा की. सकाळधरनं सोडून सोडून बांधायलोय. उजव्याच डोळ्यावर यायलाय."

मी उठले. नव्या डॉक्टरांनी शिंगावर बोटानं हलकंच वाजवलं. शेवऱ्यानं मान झटकली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शिंग अजून घट्ट होतं, नाकातून रक्त नव्हतं. इतक्या लवकर आलेला रोगी मी साऱ्या नोकरीत क्वचितच बघितला होता.

"लवकर आलाव अप्पा," मी म्हणाले. "शिंग जाईल. बैल वाचतोय."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ शेवऱ्याच्या ओल्या मानेवरून हात फिरवत राहिले. रज्जाकभाईंचा फोन खिशातच होता. फोटो मागायची हिंमत आता आमच्यापैकी कुणाला नव्हती.

मग अप्पांनी गोंडा सोडून खिशात घातला. वानऱ्याला दुसऱ्याच्या हातात दिलं आणि स्वतःही बाजूला झाले. शेवऱ्या एकटाच उभा राहिला, अंगावर पाणी निथळतंय, शिंगं उघडी, डोकं जरासं उजवीकडं कललेलं.

"रज्जाकभाई, काढा फोटू," अप्पा म्हणाले. "असाच काढा."

फोटो निघाला. अप्पांनी फोन हातात घेऊन तो नीट निरखला, मग माझ्याकडं वळले.

"मालकाचं नाव चालत न्हाई मनला होताव ना अक्का? मंग बैलाचं लिवा. शेवऱ्या."